सखूचा डावा हात

सुनेनं आज म्हशीसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेचं पोतं उघडलं, आणि त्या तेलकट वासासरशी राळेगावच्या जिनिंग कारखान्याची घरघर माझ्या कानात सुरू झाली.

साठ सालाच्या मागेपुढे मी तिथे यंत्रात कापूस लोटायची. त्या आवाजात शब्द ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बाया हातांनीच बोलायचो. शेजारची सखू सगळ्यांत बोलकी. बोटांनी ती सासूची अशी नक्कल करायची की हसू आवरत नसे. एक दिवस यंत्रानं तिच्या उजव्या हाताची बोटं नेली. "तुयीच चूक हाय," म्हणत मुनिमानं तिला कामावरून काढलं.

मग यवतमाळहून युनियनचा माणूस आला. सुटी झाल्यावर निंबाखाली सखूला शेजारी बसवून म्हणाला, "सभासद व्हायचं त्यांनी हात वर करा. सगळ्या आल्या तरच हिच्यासाठी भांडता येईल." काम जाईल या भीतीनं आम्ही माना खाली घातल्या.

तेव्हा सखू उठली. यंत्रं बंद होती, तोंडानं बोलता आलं असतं. पण तिनं डावा हात उचलला आणि अडखळत, चुकत, बोटं गेली त्या दिवशीचं सारं आम्हाला सांगू लागली.

"बाई मुकी आहे काय?" त्यानं विचारलं.

"नाही जी," मी म्हटलं, "ते आमच्यासंग बोलून राह्यली." माझा हात वर गेला, मग सगळ्यांचे.

युनियन भांडली. सखूला परत घेतलं, पण आवार झाडायला. तिथे घरघर नव्हती. तरी ती पुन्हा बोलली नाही, ना तोंडानं, ना हातानं.

"आई, काय झालं?" सुनेनं विचारलं.

माझा डावा हात वर गेला आणि अडखळत, चुकत सखूची गोष्ट सांगू लागला.