फ्रिजच्या दारावरचं परवलय

आठवडाभर गणिताच्या बाईंचं बोट फ्रिजच्या दारावर फिरत होतं. बुधवारी कॉलेजची समिती त्यांचा तास बघायला येणार होती. नव्या स्मार्ट फळ्यावर शिकवता आलं तर ठीक, नाहीतर पहिल्या वर्षाचा वर्ग जाणार आणि मुलांना दुसऱ्याच कुणाचे रेकॉर्ड केलेले तास दाखवणार. आणि पहिलं वर्ष म्हणजे बाईंचा जीव की प्राण! एकोणतीस वर्षं त्यांनी ते कुणाला सोडलं नव्हतं.

"अगं, तुझं परवलय काढून झालं असेल तर दूध काढू का?" नवरा विचारायचा.

"थांबा हो, पुसायचं राहिलंय," म्हणत बाई कोरं दार तळव्याने पुसायच्या.

हसायला काय जातंय? खरा फळा हाताला लागेल तर ना! फळ्याच्या खोलीची किल्ली कारकुनाकडे. तो नऊला येतो, पाचला जातो, आणि नऊ ते पाच खोलीत तास. बाईंनी तीन अर्ज दिले.

"किल्ली शिक्षकांना देत नाही, बाई. महागाची वस्तू आहे," कारकून म्हणाला.

बुधवारी पहाटेपासून बाईंचा पाय एका जागी ठरेना. टिपणं चारदा तपासली. वर्गात फळा सुरू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. तो ठाऊक असलेला तंत्रज्ञ फक्त गुरुवारी यायचा. जुना फळा तर कधीच काढून टाकला होता.

"बोटं काढा," त्या मुलांना म्हणाल्या. "बाकावर माझ्याबरोबर परवलय काढा."

साठ बोटं बाकांवर फिरू लागली. समितीतल्या साहेबांचंही बोट गुडघ्यावर फिरताना बाईंनी पाहिलं. मग साहेबांनी फॉर्म घेतला. 'फळा वापरला: होय / नाही.' जरा घुटमळून त्यांनी 'नाही'वर खूण केली.

सोमवारी दोन पाकिटं आली. एकात वर्ग काढून घेतल्याचा आदेश. दुसऱ्यात तिसरा अर्ज मंजूर, सोबत किल्ली आणि पासवर्डची चिठ्ठी. बाईंचं डोकं असं तापलं की किल्ली खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी त्याच किल्लीने खोली उघडली. फळ्यावर बोट टेकवलं. खडूनेही कधी आलं नव्हतं इतकं देखणं परवलय उमटलं.

"मागच्या बाकावर दिसतंय ना?" बाईंनी सवयीने वळून विचारलं, आणि रिकाम्या वर्गापुढे उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.