फाटकाचा पासवर्ड

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. काम: नव्याने घेतलेल्या गोदामांची मशीनं तिजोरीला जोडणे.

तिजोरी म्हणजे लोखंडी कपाट नव्हे. आमची कोल्ड स्टोरेजची कंपनी. कॉम्प्रेसर, फाटकं, बिलं, सगळं कॉम्प्युटरवर चालतं. त्या प्रत्येक मशीनचा एक मुख्य पासवर्ड असतो, ज्याने त्या मशीनवर वाटेल ते करता येतं. हे पासवर्ड ज्या सॉफ्टवेअरमध्ये बंद असतात त्याला आम्ही तिजोरी म्हणतो. पासवर्ड कोणालाही पाठ नसतो. लागला तर गोदामाच्या इंजिनिअरने अंगठा देऊन मागायचा, मी फोनवर मंजुरी द्यायची, काम झालं की तिजोरी तो आपला आपण बदलून टाकते. मागणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस चालत नाही. हा नियम मीच घातला आणि तो बरोबर आहे.

तिजोरी घेतली तेव्हा काशीमीऱ्याचं एकच गोदाम होतं. मासळी, आइस्क्रीम, थोडी औषधं. दिवसभरात दोन-चार मागण्या यायच्या. भाजी चिरता चिरता मंजूर करायचे. मग मालकांनी वसईतलं गोदाम घेतलं, भिवंडीतलं घेतलं, यंदा एक अख्खी कंपनीच विकत घेतली आणि तिची सगळी गोदामं त्याच तिजोरीवर टांगली. मंजुरी देणारे मात्र तेच दोघं, मी आणि मालक. मालकांनी मंजुरीचं ॲप कधी उघडलंच नव्हतं.

“हे असं वाढत नाही,” मी त्यांना सांगितलं होतं. “प्रत्येक गोदामात मंजुरी देणारे पाहिजेत. तिजोरी ज्यावर चालते ते मशीन पण एकटं पुरत नाही, दम लागतो त्याला.”

“मॅडम, चालतंय ना? मग?” ते म्हणाले. वर्षभर भांडून एक जोडीचं मशीन पदरात पडलं. मूळ मशीन काशीमीऱ्यालाच, वर माझ्या मजल्यावर. जोडीचं ठेवायला वर जागा नव्हती, म्हणून ते खाली डॉकच्या केबिनमध्ये गेलं. डॉक म्हणजे जिथे गाड्या पाठ लावून माल भरतात तो ओटा. दोन्ही मशीनं मिळून भार उचलायची. ते खाली बसवल्यापासून माझी दुपारची झोपमोड थांबली, एवढं खरं.

तर नवमीला सकाळी मी वर बसून नव्या गोदामांची मशीनं एकेक करून जोडत होते. खाली पूजेची गडबड. हमाल आणि मेकॅनिकांनी टेबल मांडलं होतं. त्यावर हातोडे, पाने, बर्फाच्या लाद्या ओढायचे आकडे, टायर काढायची टॉमी, नारळ फोडायचा कोयता. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. मला प्रसादाचे पेढे वर आले. मी एक खाल्ला आणि कामाला लागले.

अकराच्या सुमारास तिजोरी रांगायला लागली. स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. दसऱ्याची गर्दी असल्यामुळे सगळ्या गोदामांतून मागण्या येत होत्या, पण माझ्या फोनवर एकही पोचत नव्हती. जोडीचं मशीन बसवल्यापासून असं झालं नव्हतं. मी खाली फोन केला, कोणी उचलला नाही.

त्यातच विजेचा झटका आला. दिवे एकदा मिचकावले, एवढंच. पण झटका आला की डॉकच्या फाटकाचं मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं आणि मुख्य पासवर्ड टाकल्याशिवाय सुटत नाही. फाटक हाताने फिरवायची साखळी होती. आतला माल चोरीला जातो म्हणून मालकांनी ती काढायला लावली होती. आत भरलेल्या गाड्या अडकल्या. बाहेर उत्तनहून आलेले मासळीचे टेम्पो उन्हात उभे. बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. पुढचं मला आधी ऐकू आलं. काच फुटल्याचा आवाज होता तो.

डॉकच्या केबिनमध्ये आमचा इंजिनिअर होता. उत्तनजवळच्या चौक गावचा, कोळीवाड्यातला ख्रिस्ती माणूस, तिशीतला, बायको गरोदर. काशीमीऱ्याच्या फाटकासाठी पासवर्ड मागू शकणारे दोघंच होते, हा आणि दुसऱ्या पाळीचा. दुसरा नवरात्रासाठी गावी गेला होता.

मी जिन्यावरून उतरले तेव्हा केबिनची एक बाजू जमिनीवर चुरा होऊन पडली होती. दहा-बारा ड्रायव्हर आत घुसलेले. इंजिनिअरची कॉलर एका लाल बनियनवाल्याच्या मुठीत.

“खोल! गेट खोल!”

“मेरे हाथ में नहीं है भाई. पासवर्ड आ नहीं रहा है.”

“तेरे हाथ में नहीं है? कल तो तूने ही खोला था. इसी कुर्सी पे बैठ के, इसी हाथ से.”

ते खरंच होतं. लोकांना दिसतो तो माणूस, त्याच्यामागचं मशीन दिसत नाही. इंजिनिअरच्या कानशिलात बसली. तो खुर्चीवरून घसरला. उठायला गेला तर कोणीतरी पोटात लाथ घातली. मागचे ओरडत होते, मासळी कुजली तर शेठ आमच्या पगारातून कापेल. एकाने मॉनिटर उचलून भिंतीवर मारला. दुसरा पूजेच्या टेबलाकडे धावला आणि हाताला लागेल ते घेऊन आला. टॉमी. दांड्याला अजून झेंडूचं फूल चिकटलेलं.

आमचे सुपरवायझर, त्यांना सगळे मामा म्हणतात, मध्ये पडले. “अरे नवमी आहे आज! हत्यार उचलू नये रे आज!” त्यांना ढकलून दिलं. ते टेबलासकट कोसळले, कपाळ फुटलं.

“इसी हाथ से खोलता है ना?” लाल बनियनवाल्याने इंजिनिअरचा उजवा हात टेबलावर आडवा धरला. टॉमीवाल्याने मारली. एकदाच. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडते त्याच्या जवळचा होता.

मी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला, पिन उपटली आणि सरळ त्यांच्या तोंडावर सोडला. पांढऱ्या पुडीत सगळे खोकत मागे हटले. टॉमीवाला हटला नाही. त्याच्या गुडघ्यावर मी सिलिंडरचं बूड घातलं. तो खाली बसला, मग दुसऱ्यांदा घातलं. मला त्याचं काही वाटलं नाही आणि आता लिहितानाही वाटत नाही.

“आई गं,” कोणीतरी म्हणालं. “ये तो पागल है.”

“हो, आहे!” मी म्हणाले. “फाटक पाहिजे ना? गेट चाहिए ना? तो इसको हाथ मत लगाओ. यही खोलेगा, दूसरा कोई नहीं खोल सकता. मर गया तो यहीं सड़ोगे सब.”

हे मी त्याला वाचवायला म्हटलं, पण ते अक्षरशः खरं होतं, हे माझ्या बोलता बोलता लक्षात आलं.

कोपऱ्यात नजर गेली. जोडीचं मशीन. त्याच्यावर झेंडूचा हार, मधोमध हळद-कुंकवाची बोटं, आणि एकही दिवा लुकलुकत नव्हता.

“मामा, हे कोणी बंद केलं?”

मामा कपाळ दाबून बसले होते. “मीच, ताई. सकाळी पूजा करून. आज हत्यारांना विश्रांती द्यायची असते.”

“आणि फोर्कलिफ्ट चाललेत ते?”

“मासळी थांबत नाही ना. मग जे थांबवता येईल ते थांबवलं. हे काही करत नाही, नुसतं लुकलुकतं. म्हटलं, तेवढंच.”

गेल्या नवमीला हे मशीन तिथे नव्हतं, म्हणून कोणी बंद केलं नाही. यंदा ते केबिनमधल्या हत्यारांत जमा झालं. त्याच्या वाटचा सगळा भार वरच्या एकट्या मशीनवर पडला आणि ते बसलं. मी हार ओढून काढला, बटण दाबलं. पंखे घरघरले. आता वाट बघायची.

वाट बघणं सगळ्यात वाईट होतं. पूड खाली बसली तसे ड्रायव्हर पुन्हा पुढे सरकले. एकाच्या हातात बर्फाचा आकडा, एकाच्या हातात कोयता. मी इंजिनिअरला टेबलाखाली ढकललं आणि पुढे उभी राहिले, सिलिंडर दोन्ही हातांत. तो रिकामा झाला होता, पण त्यांना ते माहीत नव्हतं. कोणीतरी काचेचा तुकडा फेकला, माझ्या कानाला चाटून गेला. रक्त ब्लाउजमध्ये उतरलं. लाल बनियनवाला शिव्या देत होता, आईवरून, बहिणीवरून, सगळ्या.

“संपल्या?” मी विचारलं. “नाही तर पुन्हा पहिल्यापासून द्या.”

दोघं-तिघं हसले. हसणारा माणूस थोडा वेळ मारत नाही. तेवढा वेळ मिळाला.

फोन थरथरायला लागला, थांबेचना. अडकलेल्या मागण्या सगळ्या गोदामांतून एकदम येऊन कोसळल्या. मी त्यात आमच्या फाटकाची शोधली. सापडली, पण मुदत संपून बाद झालेली. नवी मागणी हवी होती. म्हणजे इंजिनिअरचा अंगठा हवा होता. तिजोरीत नोंदवलेला त्याचा एकच अंगठा, उजवा.

मी टेबलाखाली वाकले. त्याने हात पोटाशी धरला होता. अंगठा भलत्याच दिशेला वळलेला, नखाखालून रक्त.

“न्हाय मॅडम,” तो म्हणाला. “न्हाय. हात नका लावू.”

“लावावा लागेल.”

“डावा घ्या.”

“डावा नोंदवलेला नाही.”

तो रडायला लागला. मी पदराने अंगठा पुसला. तो किंचाळला. मी टेबलावरचं अंगठा घ्यायचं मशीन खाली ओढलं आणि अंगठा त्याच्या काचेवर दाबला. लाल दिवा. रक्त पुन्हा आलं होतं. पुसलं, दाबला. लाल. बाहेरून कोणीतरी केबिनच्या उरलेल्या काचेवर आकडा घातला. तिसऱ्यांदा मी माझ्या दोन्ही हातांनी तो मोडलेला अंगठा सपाट केला, आतलं हाड सरकल्याचं मला बोटांना लागलं, आणि सगळा भार टाकून दाबला. त्याच्या तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. हिरवा दिवा लागला.

मी फोनवर मंजुरी दिली, पासवर्ड आला, मी तो फाटकाच्या मशीनच्या बटणांवर टाकला, फाटक उघडलं.

आणि केबिन रिकामी झाली. ज्या माणसांनी त्याला मारलं ती गाड्यांकडे पळाली, हॉर्न वाजवत एकमेकांच्या पुढे घुसायला लागली. टॉमीवाला लंगडत गेला. जाताना त्याने टॉमी पूजेच्या उलटलेल्या टेबलापाशी ठेवली, नीट, आणि कानाला हात लावला. इंजिनिअरकडे त्याने बघितलंही नाही.

पोलीस आले, जबाब झाले. मामांना टाके पडले, मला दोन. इंजिनिअरला मीरा रोडच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, हात वाचेल, अंगठा वाकेल की नाही ते सांगता येत नाही. “हा पहिल्या माराने एवढा तुटलेला नाही,” त्या म्हणाल्या. “नंतर कोणी दाबला का?”

“मी,” मी म्हणाले.

संध्याकाळी मालकांचा फोन. “मॅडम, तिजोरीत सगळं रेकॉर्ड होतं ना? म्हणजे मशीन मामांनी बंद केलं हे दिसेल. मग त्यांना घरी बसवा आणि विषय संपवा. आणि ती तिजोरी बंदच करा बाबा. पूर्वीसारखा पासवर्ड स्क्रीनवर चिकटवा.”

“दोन्ही करणार नाही,” मी सांगितलं.

“मग काय करणार?”

“उद्या बघू.”

इंजिनिअर शुद्धीवर होता. बायको शेजारी बसली होती, पोटावर हात ठेवून. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, एक काम करा. माझं नाव काढा त्यातून. गेट माझ्या हातात हाय असं लोकांना वाटतंय तोवर मला परत मारतील.”

“पगार तोच राहील,” मी म्हणाले. “काम वरचं देईन.”

“पगाराचं न्हाय बोलत मी.”

“कळलं.”

त्याची बायको तेव्हा बोलली. “तुम्ही दाबला ना अंगठा?”

“हो.”

“नसता दाबला तर?”

“तर हा इथे नसता.”

तिने मान हलवली. ते हो होतं की नाही, मला समजलं नाही. मी नेलेला जेवणाचा डबा ठेवला आणि इंद्रलोक कॉलनीतल्या माझ्या घरी आले. कानाची पट्टी भिजू न देता आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी होती. मी सकाळी काशीमीऱ्याला गेले आणि आधी इंजिनिअरचं नाव तिजोरीतून काढलं. मग डॉकवरच्या माणसांना घरून बोलावून प्रत्येक पाळीतल्या दोघा-दोघांना मागण्याचा अधिकार दिला, आणि मंजुरीचा वेगळ्या दोघांना. पहिले मामा. डोक्याला पट्टी, नवा सदरा.

“ताई, मला? कालच्या नंतर?”

“काल तुम्हीच एकटे मध्ये पडलात. हात पुसा आणि दोन्ही अंगठे द्या.”

मालकांचा फोन आला, कोणाला विचारून करताय म्हणून. कोणालाही नाही, असं सांगितलं आणि फोन ठेवला. काशीमीऱ्याचं संपल्यावर अंगठे घ्यायचं मशीन पिशवीत घातलं आणि वसईच्या गोदामाकडे निघाले. तिथली माणसं सुट्टीवर होती, त्यांना फोन करून बोलावून घेतलं.