सासूबाईंच्या भावाचं ताट

ये गं, अशी जवळ येऊन बस. तो फोन ठेव बाजूला, पळून नाही जात तो. बंगलोरहून कधीमधी दोन दिवस येतेस, त्यातला एक झोपून काढतेस, आणि वर मलाच विचारतेस, "आई, ते पोलंडच्या मामाआजोबांचं काय चाललंय गं?" ग्रुपवरचं वाचलं असतंस तर विचारावं लागलं नसतं. असो. आता ऐक.

तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पोलंडच्या, एवढं तुला ठाऊक आहे. तुझे घारे डोळे त्यांचेच. पण त्या गेल्या तेव्हा तू शाळेत होतीस, तुला काय आठवणार! दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत रशियानं त्यांचं सगळं घर उचलून पार थंडीच्या मुलखात नेऊन टाकलं. वडील तिथंच गेले. पुढं सुटका झाली तेव्हा आई, थोरला भाऊ आणि सासूबाई असे तिघं आगगाडीनं निघाले. वाटेत एका स्टेशनवर भाऊ किटली घेऊन गरम पाणी आणायला उतरला आणि गाडी सुटली. बस, तेवढंच. मायलेकी इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासितांच्या छावणीत पोचल्या, भाऊ मागंच राहिला.

छावणीत आईही वारली. तुझे आजोबा तिथं सामान पोचवायचे, त्यांच्याशी यांनी लग्न केलं. बाकीची माणसं विलायतेला गेली, या राहिल्या. आजोबांना देहूरोडच्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड इकडं आलं. मी लग्न होऊन आले तेव्हा गोऱ्या सासूच्या धास्तीनं माझे हातपाय गार! तर ही बाई पदर खोचून ठेचा कुटत होती. मला म्हणाली, "उभी का ऱ्हायलीस गं? बस की खाली." ठार कोल्हापुरी!

तर ताटाची गोष्ट. डिसेंबरात चोवीस तारखेला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की सासूबाई आमची पानं वाढायच्या आणि शेजारी एक जादा ताट मांडायच्या. छावणीतलं, पांढरं, काठाला निळी रेघ असलेलं. रिकामं. आपल्याकडं रिकामं ताट कुणी मांडतं का? माझ्या आजेसासूबाई कडक. सासूबाईंच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी सुनेला विचारलं होतं, "कुणाचं गं हे?" तेव्हा सासूबाईंना मराठी बेताचंच यायचं. म्हणाल्या, "भावाचं." झालं! आजेसासूबाईंनी धरून ठेवलं, पोरगी मेलेल्या भावाचं पान वाढते, पण वाढायचं कसं ते हिला कळत नाही. त्यांनी वरण-भात, भाजी, वडा, सगळं वाढलं आणि सकाळी कुंपणाच्या भिंतीवर कावळ्याला ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी तसंच. सासूबाई कधी बोलल्या नाहीत. कावळा जेवून गेला की ताट मात्र स्वतः घासायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या गेल्यावर मी ते चालू ठेवलं. घरची रीत, मोडायची कशाला?

मग आपली नात, तुझी भाची, चाकणच्या कंपनीत लागली. तिथं पोलंडहून एक इंजिनिअर बाई आली सहा महिन्यांसाठी. दोघींचं जमलं, आणि नातीच्या डोक्यानं घेतलं की पणजीची माणसं शोधायची. रोज बसमधून उतरली की सुरू. "आजी, गाव कुठलं? आजी, भावाचं काय झालं?"

मी म्हटलं, "अगं, तो गेला. त्याचं पान वाढतो ना आपण."

मग काय, पोरगी मेलेल्यांतच शोधत बसली. लढाईत मेलेले, थंडीत मेलेले. आईवडिलांचं थोडंफार सापडलं, भावाचं काहीच नाही. "राहू दे आता," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

त्याच डिसेंबरात तिनं त्या बाईला घरी जेवायला आणलं. सणाची संध्याकाळ, परक्या मुलखात एकटी कशाला बसेल? बाई गोड. ठेचा जिभेला लावला आणि "बास, बास!" करत नाचली. सगळे हसलो. मग मी निळ्या रेघेच्या ताटात भात वाढायला घेतला, तशी तिनं हळूच माझा हात धरला. नातीला काहीतरी म्हणाली. नात माझ्याकडं वळली.

"आजी, ती म्हणते, हे ताट त्यांच्या घरोघरी मांडतात. रिकामंच ठेवतात. मेलेल्यांची आठवण असते त्यात, पण वाटेवर असलेल्यासाठी असतं ते. कुणी दारात आलं तर त्याला जागा हवी म्हणून."

मी डाव तसाच पातेल्यात ठेवला. म्हणजे सासूबाईंनी त्याला मेला असं कधी मानलंच नव्हतं! दरवर्षी त्या त्याची वाट बघत होत्या, आणि आम्ही दरवर्षी त्याला कावळ्याच्या हवाली करत होतो.

नात दुसऱ्या दिवसापासून जित्यांत शोधायला लागली. त्या बाईनं तिकडं कुणाकुणाला फोन लावले. त्याच नावाची माणसं बरीच निघाली, आपला कोण ते कळेना. शेवटी एका म्हाताऱ्या सुताराच्या नातीचं उत्तर आलं. आजोबा लढाईनंतर एकटेच परतले होते, आता हयात नाहीत. बहिणीबद्दल कधी काही बोलले नाहीत. फक्त सणाच्या रिकाम्या ताटाशेजारी ते पेलाभर गरम पाणी ठेवायचे. घरात कुणालाच कळायचं नाही, का ते.

आपल्या नातीनं हे वाचून दाखवलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. "हाच तो," मी म्हटलं. "कळव त्या पोरीला. का ठेवायचे ते आपल्याला माहीत आहे म्हणावं."

ती सुताराची नात या डिसेंबरात येतेय, इथं, आपल्या घरी. ताट मी रिकामं ठेवणार आहे. शेजारी गरम पाण्याचा पेला.

तू उद्या परत निघालीस, जा. पण चोवीस तारखेच्या आत ये बाई. तुझे डोळे बघितले की तिला मी वेगळं काही सांगायला नको. तिकीट आत्ताच काढ. लवकर ये.