नवसाची जाळरेषा

"मॅडम, आमाला डोंगर पेटवायचाय. कवा पेटवू?"

मी मान वर केली. टेबलासमोर एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. चेहरा असा, की रेशनकार्डावर नाव चढवायला आल्यात.

मी पाटण तालुक्यात वनखात्यात रेंजर आहे. म्हणजे माझ्या हद्दीतलं सरकारी जंगल, गवताळ डोंगर, लावलेली रोपं आणि ती राखणारी माणसं, या सगळ्यांची फील्डवरची जबाबदारी माझी. आमच्याकडे डोंगर पेटवणारे पुष्कळ. गवत जाळलं की पावसाळ्यात नवं जोमानं फुटतं, अशी लोकांची पक्की समजूत. खरं तर जमीन उघडी पडते, माती वाहून जाते, रोपं मरतात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जळतात. हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी डोंगर पेटतो. विचारलं की एकच उत्तर, "कुनी लावला काय म्हाईत!" आणि ही बाई चक्क आधी विचारायला आली होती. ऑफिसात. माझ्या स्टाफसमोर.

"आक्का, जंगलाला आग लावणं गुन्हा आहे. आत जाल."

"माझा पोरगा संतोष बी तसंच म्हनला. म्हनून तर आले. सरकारची जमीन हाय, इचारून कर म्हनला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"न्हाई कसं म्हनताल? देवाला बोललीय मी."

माझा पारा चढला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, वडूजच्या उन्हात वाढलेय मी. मी त्यांना कायदा ऐकवला, कलमं ऐकवली, वर "देवाचं नाव सांगून जंगल जाळायला लाज कशी वाटत नाही" असंही बोलले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, पिशवी काखेत मारली आणि निघाल्या.

आमचा गार्ड सलीम मुल्ला दारात उभा होता. गार्ड म्हणजे वनरक्षक. या बाईंचं गाव त्याच्याच बीटमध्ये येतं. बीट म्हणजे एका गार्डनं राखायचा जंगलाचा तुकडा. तो म्हणाला, "मॅडम, हौसाआक्कांना असं जाऊ देऊ नका. ती बाई खोटं बोलत न्हाई. पेटवीन म्हनली म्हंजे पेटवनार."

झालं! चहा सांगितला, आक्कांना परत बोलावलं. मग सगळं बाहेर आलं.

आक्कांचा एकुलता एक मुलगा, संतोष, मिल्ट्रीत. आमच्या या पट्ट्यात घरटी एक तरी फौजेत असतोच, त्यात नवल नाही. मागच्या हिवाळ्यात त्याची पोस्टिंग बर्फात होती. तिकडं मोठं वादळ झालं आणि त्याचा फोन बंद झाला. किती दिवस, ते आक्कांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवरा आधीच गेलेला. घरात एकट्या. त्या भैरोबाच्या देवळात जाऊन बसल्या आणि बोलल्या, "देवा, माझं पोरगं परत आलं तर तुझा डोंगर उजळीन." डोंगर उजळणं म्हणजे भैरोबाच्या डोंगराचं वाळलेलं गवत पेटवायचं, रात्री सगळ्या खोऱ्याला दिसेल असं. त्या गावात हा जुना नवस. पोरगं आलं. रजेवर घरीच होतं. रजा संपत आली होती आणि तो परत तिकडंच जाणार होता.

"नवस फेडल्याबिगर त्याला कसा लावून देऊ मी?" आक्का म्हणाल्या. "देवाचं देनं ठिऊन बर्फात धाडू?"

याला कलम असतं तर काढलं असतं.

पण त्या डोंगराच्या निम्म्या अंगावर आमचं रोपवन होतं. आवळा, हिरडा, जांभूळ. माणसांनी डोक्यावरून पाणी नेऊन जगवलेली रोपं. तो डोंगर पेटला असता तर माझ्या मजुरांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नसती.

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी दात घासताना सुचलं. अगं बाई, त्याच डोंगरावर आम्हाला जाळरेषा काढायची आहेच की!

जाळरेषा म्हणजे आगीला घातलेली वेस. रोपवनाच्या कडेनं रुंद पट्टा आखायचा, त्याच्या दोन्ही काठांचं गवत कापून बाजूला करायचं आणि मधलं गवत आपणच, माणसं उभी करून, वारा नसताना जाळून टाकायचं. पुढं उन्हाळ्यात वणवा आला की त्या पट्ट्यात त्याला खायला काही मिळत नाही. तिथं तो थांबतो. हे काम दरवर्षी होतं. पहिली काडी कुणीतरी ओढतंच. मग ती आक्कांनी का ओढू नये?

मी गावात गेले आणि सांगितलं. आक्का विचारात पडल्या. "पन मी डोंगर बोलले हुते. तुमी पट्टा म्हनताय. देवाला चालंल का?"

"ते कोण सांगणार?"

"देव. कौल लावू."

कौल म्हणजे गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवबाबा वयस्कर आणि मोठे नेमाचे. त्यांनी अडचण काढली. "डोंगर कुनाच्या ताब्यात? खात्याच्या. मग इचारायचं खात्यानं. आक्कानं इचारून कसं चालंल?"

मी साताऱ्याला साहेबांना फोन लावला.

"सर, जाळरेषेची पहिली काडी गावातल्या एका बाईंच्या हातून ओढून घेते."

"उत्तम. लोकसहभाग."

"पण त्याआधी देवाला कौल लावावा लागेल."

"बरं, लावू दे त्यांना."

"मी लावायचाय सर. जमीन खात्याची, म्हणून."

 मग साहेब म्हणाले, "मॅडम, अर्धा दिवस रजा टाका."

मी रजा टाकली. देवळात निम्मं गाव जमलं होतं. संतोष कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा, ताठ, केस बारीक कापलेले. सलीम बाहेर पायरीवर. मी हात जोडले. खात्याच्या वतीनं बोलायचं म्हणून नीट शब्द जुळवून म्हणाले, "हे भैरोबा देवा, रोपवनालगत जाळरेषा काढण्यास आपली हरकत नसल्यास उजवा कौल द्यावा."

डावी कळी पटकन पडली.

 आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांचा चेहरा बघून मी घाबरले. खरंच. सरकारी काम अडलं म्हणून नाही. ही बाई आता घरी जाणार, मुलाच्या बॅगेकडे बघत बसणार आणि मग काडेपेटी घेऊन डोंगर चढणार, हे मला दिसत होतं.

गुरवबाबा म्हणाले, "मॅडम, तुमी आर्ज वाचला. त्येला काय कळनार? गावात बोलता तसं बोला."

त्यांनी नव्या कळ्या चिकटवल्या. मग मी बोलले. लाजबीज सोडून.

"देवा, या आक्कांनी पोरासाठी तुला शब्द दिलाय. त्यांना तो पाळायचाय. पण आम्ही तुझ्याच डोंगरावर झाडं लावलीत, बायकांनी डोक्यावर पाणी वाहिलंय. सगळा डोंगर पेटला तर ती जातील. म्हणून म्हणते, कडेकडेनं पट्टा पेटवू. आग आक्कांच्याच हातची. आणि तो पट्टा उन्हाळाभर तुझा डोंगर राखंल. आता तूच सांग बाबा. मला दुसरं काही सुचत नाही."

कळ्या हलेनात. समईतली वात गुरवबाबांनी पुढं सारली. मागं कुणीतरी खोकलं, त्याला दहाजणांनी गप्प केलं. मी विज्ञान शिकलेली बाई. ओली कळी सुकली की पडते, कुठली आधी सुकेल याला काही नियम नाही, हे मला माहीत आहे. तरी मी श्वास रोखून बघत होते. उजवी पडली. गावानं चांगभलं केलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. साहेबांना हे मी कधी सांगितलेलं नाही.

जाळरेषेचा दिवस ठरला तो संतोषच्या रजेचा शेवटचा. दुपारनंतर कराडहून त्याची रेल्वेगाडी होती. उजाडताना आम्ही डोंगरावर. पट्ट्याचे काठ आधीच कापून ठेवले होते. मजूर ठरल्या जागी उभे, हातात आग झोडपायला हिरवे डहाळे, दोघांच्या पाठीवर वाऱ्याच्या झोतानं आग विझवायचे ब्लोअर. आक्का नव्या लुगड्यात. मी मूठभर बारीक माती वर उडवली.

माती सरळ रोपवनाकडे गेली.

वारा सुटला होता. पुन्हा उडवली, पुन्हा तेच. आम्ही थांबलो. ऊन वर आलं तसा वारा वाढतच गेला.

"आज नाही," मी म्हटलं.

आक्कांच्या हातात काडेपेटी होती. "न्हाई म्हंजे? त्यो चाललाय आज!"

"आक्का, या वाऱ्यात काडी ओढली तर आग पट्ट्यात राहणार नाही. ही माणसं मधे आहेत."

"मग त्यांना बाजूला करा! मी एकली लावते."

"कुणीही लावणार नाही. माझ्यावर सोडा, वारा पडला की पहिलं तुम्हालाच बोलावते."

"आन तोवर त्याला तिकडं कायबी झालं तर?"

मी चिडून बोलले, "तर मला शिव्या द्या."

"शिव्या दिऊन पोरगं येतं व्हय गं?"

  मजूर खाली बघत होते. तेवढ्यात संतोष पुढं आला. 'इचारून कर' म्हणण्यापलीकडे तो इतके दिवस यात पडला नव्हता.

"आई, ऐक. आमाला वर पोस्टवर न्यायला हेलिकॉप्टर येतं. वारा आसला की पायलट उडत न्हाई. म्होरं कितीबी मोठा सायेब आसूं दे, त्यो न्हाई म्हनला की न्हाई. आमी खाली बसून ऱ्हातो. एकदा जखमी मानूस वर हुता, तरीबी बसलो. म्हनून तर मी आलो माघारी."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी ह्या बाई पायलट व्हय?"

"व्हय. हितं ह्या पायलट."

आक्का तिथंच गवतात बसल्या. मग त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "ठिवा तुमच्यापाशी. माझा भरवसा न्हाई माझ्यावर."

संतोष दुपारी गेला. नवस न फेडता आक्कांनी त्याला लावून दिला. एसटीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, दही-साखर हातावर ठेवली, आणि गाडी वळणाआड गेल्यावर जे रडायला बसल्या ते बघवेना. मी त्या रात्री गावातच राहिले, आक्कांच्या घरी. जेवणाला गरम भाकरी आणि घेवड्याची आमटी होती. माझ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण ताटात भाकरी वाढत राहिल्या.

पहाटे त्यांनीच मला हलवलं. "मॅडम, उठा. पान हलत न्हाई."

खरंच हलत नव्हतं. आम्ही डोंगरावर पोचलो, मी माती उडवली. ती माझ्याच पायाशी पडली. काडेपेटी आक्कांच्या हातात दिली. त्यांनी देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि काडी ओढली.

आग वरच्या टोकाकडून खाली घेतली. उतारावर आग वर पळते, म्हणून तिला उलटं, खाली उतरायला लावायचं, म्हणजे ती हळू चालते. माणसं दोन्ही काठांनी तिच्याबरोबर चालली. काठाबाहेर ठिणगी गेली की डहाळा पडायचा. उन्हं येईपर्यंत भैरोबाच्या डोंगराला काळी किनार लागली होती. रोपाचं एक पान होरपळलं नाही.

आक्कांनी सलीमच्या फोनवरून संतोषला फोन लावला. गाडीत होता तो.

"संतोष, लावली रं काडी! व्हय, समदं झालं. मॅडमच्या समोर. जेवलास का?" एवढंच बोलल्या. मग फोन परत देत मला म्हणाल्या, "आता झोप लागंल मला पोरी." मी आजवर खात्याकडून पुष्कळ शेरे घेतलेत, चांगले-वाईट. 'पोरी' हा सगळ्यात वरचा.

मार्च सरता सरता पलीकडच्या डोंगराला कुणीतरी आग लावली. कुणी, काय म्हाईत! भर दुपार, वारा आमच्या दिशेला. फोन आला आणि आम्ही जीप पळवली. पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला असेल. वाटेत माझ्या डोळ्यांसमोर नुसती काळी रोपं.

वणवा जाळरेषेवर येऊन थांबला होता. आणि पट्ट्यावर गावातल्या बायका रांगेनं उभ्या होत्या, हातात डहाळे, उडून आलेल्या ठिणग्या झोडपत. मधोमध हौसाआक्का. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंड काजळीनं काळं, पदराला जळून भोकं पडलेली.  आग विझल्यावर मी त्यांना खूप झापलं. ट्रेनिंग नाही, बूट नाही, गॉगल नाही, भाजला असता म्हणजे? कुणी सांगितलं होतं मरायला?

आक्कांनी घाम पुसला. "वरडू नका. पोराचा नवस जळाया लागल्यावर आई घरी बसती व्हय?"

मी त्यांच्या हाताला मलम लावलं आणि त्यांच्याच घरी चहा प्यायला गेले.

साहेबांनी रिपोर्ट मागवला, गावाचा सहभाग कसा मिळवला ते लिहा म्हणून. मी लिहिलं, 'ग्रामस्थांशी व संबंधितांशी चर्चा करून.' संबंधितांत भैरोबा आला.

आता रेंजमध्ये नवा गार्ड रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला दोनच गोष्टी सांगते. माती उडवून बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. आणि समोरच्या बाईचं पोरगं कुठं आहे, ते विचारल्याशिवाय कलम सांगायचं नाही.