आत्याची रहस्यकथा

स्वातंत्र्यानंतर इंदूर मध्य भारत राज्यात होतं, त्या काळात आत्याची दोन पुस्तकं निघाली. पहिलं आठवणींचं. त्यात छत्रीबागेतलं घर होतं, सासू होती, मांजरसुद्धा होती. पण इंदूरच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढायला गेलेले आणि तिथेच बेपत्ता झालेले आतोबा कुठेच नव्हते. मला रागच आला.

मग तिने युद्धकाळातली रहस्यकथा लिहिली. तीत एक बेपत्ता शिपाई शेवटी घरी येतो आणि पोह्यांवर भुरभुरायला जिरावण मागतो. मी तणतणलो, "आत्या, तो परतणार हे पहिल्याच पानावर कळतं! यात काय खाक रहस्य?"

"कळलं ना? मग झालं तर!" ती म्हणाली.

आमच्याकडे तो मसाला कुणीच खात नव्हतं. तरी आत्याची जिरावणाची डबी कायम भरलेली असायची.