परबांचे एक्केचाळीस नापास टार्ट

श्यामसुंदर परब यांनी एकतीस वर्षं भांडुपच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला काढली. म्हणजे खाली शॉपवर माणसं घाम गाळून पोलादी कड्या बनवायची आणि परब काचेच्या केबिनमध्ये बसून त्या नापास करायचे. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. कारखान्यात त्यांना ‘रिजेक्ट परब’ म्हणत. हे नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं ते दाखवत, पण मनातून त्यांना ते पदवीसारखं वाटे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं हे आठवड्याभरात कागदावर सिद्ध करून परबांनी ते परत नेऊन दिलं. दुसरं घड्याळ काही आलं नाही.

नोकरी संपली तरी तपासणी संपली नाही. घरात माल तयार करणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको कुंदा. चपाती ताटात पडली की परब ती उचलून उजेडाकडे धरत.

“इकडे जाड आहे.”

“गेली ना पोटात?” कुंदाताई म्हणत.

चौतीस वर्षांच्या संसारात हे बोलणं इतक्या वेळा झालं होतं, की ते झाल्याशिवाय जेवण सुरू झालं असं दोघांनाही वाटत नसे. परबांनी स्वतःच्या हातानं मात्र आयुष्यात काहीही बनवलं नव्हतं. कडी नाही, चपाती नाही, चहासुद्धा नाही. ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती, कारण तसं कोणी विचारलंच नव्हतं.

मुलुंड पूर्वेला त्यांची जुनी चार मजली इमारत होती, श्री रवळनाथ प्रसन्न सहकारी गृहनिर्माण संस्था. ती पाडून तिथे बावीस मजले उभे राहिले आणि गेटवर सोनेरी अक्षरांत नाव लागलं, ‘आर. एन. पी. रेसिडेन्सी’. देव आद्याक्षरांत राहायला गेला. जुने रहिवासी वरच्या मजल्यांवर विखुरले, नवे आले, आणि पूर्वी गॅलरीत बनियनवर उभा राहून पाण्याच्या टाकीवरून शिव्या देणारा चंद्रप्रकाश धुरी आता सेक्रेटरी होऊन ‘पोडियम’, ‘व्हेंडर’ आणि ‘व्हाइब’ असे शब्द वापरू लागला.

टॉवरला वर्ष झालं म्हणून पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, संध्याकाळ साजरी करायचं ठरलं. धुरींनी ग्रुपवर परिपत्रक टाकलं. प्रत्येक फ्लॅटने एक फिंगर फूड आणावे. नग चोवीस. पदार्थ एका घासात संपावा. चमचा लागू नये. हात तेलकट होऊ नयेत. वास येऊ नये. पदार्थ घरगुतीच असावा, बाहेरचा आढळल्यास टेबलावर ठेवू दिला जाणार नाही. कुणी काय करायचं यावरून भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या काढल्या. नऊशेचारच्या परबांना चिठ्ठी आली ‘सेव्हरी मिनी टार्ट’.

“फिंगर फूड म्हणजे काय ओ?” कुंदाताईंनी विचारलं.

“बोटांनी खायचं.”

“मग आपण एवढी वर्षं कशानं खातोय?” त्या म्हणाल्या. “आणि टार्ट म्हणजे? माका काय ठाऊक? भजी सांगितली असती तर दोनशे तळली असती. मी नाही करणार.”

परबांनी फोनवर व्हिडिओ शोधला. त्यात एक मुलगी पांढऱ्याशुभ्र ओट्यासमोर उभी राहून सांगत होती, की हे टार्ट, म्हणजे सारण भरलेल्या मैद्याच्या छोट्या खाऱ्या वाट्या, इतके सोपे आहेत की तुम्ही झोपेतही कराल. मैदा, थंडगार लोणी, चिमूटभर मीठ, बर्फाचं पाणी. पारी लाटायची, छोट्या साच्यांत दाबून बसवायची, तळाला काट्यानं टोचायचं, आत कागद घालून त्यावर कडधान्याचं वजन ठेवून भाजायचं. मग हवं ते सारण भरायचं. अकरा मिनिटांत सगळं झालं. परबांना त्या मुलीची पद्धत पटली. यात माप होतं, तापमान होतं, वेळ होती. कुंदाच्या स्वयंपाकात जे जे नव्हतं ते सगळं होतं.

“मी करतो,” ते म्हणाले.

कुंदाताईंनी भाजी चिरता चिरता एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

चेंबूरला दिलेल्या मुलीनं, अबोलीनं, तीन वर्षांपूर्वी आईला ओव्हन दिला होता. तेव्हापासून कुंदाताई त्यात पापडाचे डबे ठेवत होत्या. परबांनी डबे बाहेर काढले, ओव्हन पुसला, शनिवारी सकाळी नऊ वाजता दप्तर उघडावं तसा तो उघडला आणि स्वतःचा जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर ओट्यावर आणून ठेवला. मग त्यांनी पीठ मळायला घेतलं. कुंदाला त्यांनी हजारो वेळा कणीक मळताना पाहिलं होतं, तसंच तळव्यानं रगडून रगडून. हाताच्या उबेनं लोणी वितळलं, पीठ चिवट झालं. साच्यांत बसवलेल्या वाट्या ओव्हनमध्ये गेल्या तेव्हा ऐटीत होत्या. बाहेर आल्या तेव्हा निम्म्यानं आकसून तळाशी दडून बसल्या होत्या. साचे सोळा होते. सोळाच्या सोळा नापास.

“ओव्हनचं तापमान खोटं दाखवतंय,” परब म्हणाले.

कारखान्यात चूक नेहमी मशीनची असते असं कामगार म्हणायचे आणि परब ते कधीच मान्य करायचे नाहीत, हे कुंदाताईंनी नवऱ्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं.

दुसऱ्या घाण्याला त्यांनी बोटांच्या टोकांनी लोणी चोळलं, पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि वजनासाठी राजमा मागितला.

“तो भाजून उद्या उसळीला नाही ना चालणार?”

“नाही.”

“मग चवळी घ्या. राजमा पाहुण्यांसाठी आणलाय.”

या खेपेला वाट्या उभ्या राहिल्या. परबांनी एकेक उचलून काठाची उंची मोजली, जाडी मोजली, व्यास दोन बाजूंनी मोजला. सोळांतल्या दोन पास झाल्या. तिसऱ्या घाण्यात पाच. एकूण अठ्ठेचाळीस वाट्यांपैकी सात. त्या सात त्यांनी काचेच्या ताटलीत ओळीनं मांडल्या. बाकीच्या एक्केचाळीस कुंदाताई एका परातीत गोळा करत होत्या.

“याला काय झालंय?” त्यांनी एक वाटी वर धरून विचारलं.

“काठ दीड मिलिमीटर खाली आहे.”

“कोण मोजणारे?”

“मी.”

पण त्या वाटीकडे बघताना परबांना काही वेगळंच होऊ लागलं. काठ का खाली गेला ते त्यांना ठाऊक होतं. दाबताना पाठीत उसण भरली होती, अंगठा घसरला होता. शेजारचीचा तळ फुगला होता, कारण तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि टोचायचं राहिलं. प्रत्येक नापास वाटीची अशी एक हकिकत होती आणि ती फक्त त्यांना माहीत होती. त्यांना काशीराम आठवला. ग्राइंडिंगला होता. आपली कडी नापास झाली की काचेपलीकडे उभा राहून तो ती तळहातावर दोनदा फिरवायचा आणि मग लाल पेटीत टाकायच्या ऐवजी अलगद ठेवायचा. परबांना तो वेळकाढूपणा वाटायचा. एकदा त्यांनी त्याबद्दल लेखी तक्रारही केली होती. आता त्यांनी हातातली वाटी परातीत ठेवली, आणि आपणही ती अलगदच ठेवली हे लक्षात येऊन जरा कावरेबावरे झाले.

“ह्या टाकून दे,” ते बाहेर जाता जाता म्हणाले.

“टाकते,” कुंदाताई म्हणाल्या, आणि मक्याचे दाणे उकडायला ठेवले.

संध्याकाळी पोडियमवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. टेबलाच्या तोंडाशी सतराव्या मजल्यावरची मानसी हातात यादी घेऊन उभी होती. ती कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि कार्यक्रमाची प्रमुख म्हणून तिनं गळ्यात ओळखपत्रही घातलं होतं. परबांनी आपली ताटली पुढे केली. सात टार्ट. आत बटाट्याचं आणि चीजचं सारण, वर प्रत्येकी कोथिंबिरीचं एकच पान, सगळी पानं एकाच दिशेला.

मानसीनं वाकून पाहिलं.

“काका, बाहेरून मागवलेत ना?”

“मी केलेत.”

“काका, सगळे सेम टू सेम आहेत.”

“तसेच असायला हवेत.”

“घरी असं होत नाही ना, काका,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “आणि सातच आहेत. चोवीस सांगितलेले. दुकानात डझनानं मिळतात, त्यातले काही घरी संपले असतील. मी समजू शकते.”

परबांनी व्हर्निअरचा उल्लेख केला. त्यानं काही फायदा झाला नाही. मानसीनं धुरींना बोलावलं. धुरींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ताटली उजेडाकडे धरली आणि एक टार्ट फिरवून पाहिला. ही नजर परबांच्या ओळखीची होती.

“परब, नियम म्हणजे नियम,” धुरी म्हणाले. “हा मशीनचा माल आहे रे.”

“चंदू, मी तुला तीस वर्षं ओळखतो.”

“मी पण तुला ओळखतो. तू कधी चहा केलास?”

ताटली टेबलाखाली गेली. तेवढ्यात अकराव्या मजल्यावरच्यांचे समोसे आले. ते नाक्यावरच्या दुकानातले आहेत हे सगळ्या इमारतीला वासावरून कळत होतं, पण त्यांनी ते घरच्या पितळी ताटात घातले होते आणि त्यातले दोन मुद्दाम फोडून ठेवले होते. मानसीनं फुटलेले समोसे पाहिले आणि यादीत बरोबरची खूण केली. परब ते पाहत उभे राहिले. मालाचा दर्जा आणि तपासणीचा निकाल यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही, ही शंका त्यांना साठाव्या वर्षी पहिल्यांदा आली.

मग लिफ्टमधून कुंदाताई परात घेऊन आल्या. परातीत एक्केचाळीस टार्ट होते. कुणी कलंडलेला, कुणी एका काठानं बसका, सोळा तर खेळण्यातल्या वाटीएवढे आकसलेले. त्यांत कुंदाताईंनी मका, कांदा आणि किंचित मालवणी मसाला परतून ठासून भरला होता.

“वा, हे बघा,” मानसी म्हणाली. “हे घरचे.”

“दिसतंच आहे,” धुरी म्हणाले आणि त्यांनी एक तोंडात टाकला. मग दुसरा. दुसरा आकसलेल्यांपैकी होता, त्याला जरा चावावं लागलं, पण धुरींनी डोळे मिटूनच चावला.

परात टेबलाच्या मध्यभागी गेली आणि बघता बघता तळ दिसू लागला. कुणी एकानंही काठाची उंची पाहिली नाही. परब खांबाजवळ उभे राहून माणसांचे चेहरे पाहत होते. त्यांच्या केबिनची काच कारखान्याच्या आतल्या बाजूला होती, बाहेर तो माल कोण वापरतं आणि वापरताना कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“काकू, काय मस्त झालेत,” मानसी म्हणाली. “रेसिपी द्या ना.”

“मी नाही केले,” कुंदाताई म्हणाल्या. “मी नुसते भरले. वाट्या ह्यांनी केल्यात. त्यांनाच विचार.”

सगळे वळून परबांकडे पाहू लागले. त्या सात टार्टसाठी परबांनी धुरीशी भांडण केलं असतं, कोर्टात गेले असते. पण ह्या वाकड्या मालावर सही करायची म्हणजे एकतीस वर्षांचं काय करायचं? कुंदाताई त्यांच्याकडे शांतपणे बघत होत्या. नाजूक कपबशी पुसताना तिच्याकडे बघावं तशा.

“माझेच आहेत,” परब म्हणाले.

“खरंच?” मानसीला पटेना.

परबांनी परातीतला एक उचलला आणि उलटा केला. “हा खड्डा बघ. हा माझा अंगठा.” त्यांनी अंगठा त्यात बसवून दाखवला. नीट बसला. लोक हसले. परबही अर्धवट हसले आणि मग लोणी थंड का लागतं, पीठ विसावू का द्यायचं, कडधान्याचं वजन कशासाठी, हे सांगायला लागले. वीस मिनिटांनी मानसीनं घड्याळाकडे पाहिलं. परब तेव्हा काटा किती वेळा टोचावा यावर होते.

घरी आल्यावर त्यांनी ते सात टार्ट जेवणाच्या टेबलावर ठेवले. काठ ढासळू नयेत म्हणून पास झालेल्या वाट्या त्यांनी पुन्हा एकदा भाजून घेतल्या होत्या. कुंदाताईंनी एक चावला. बराच वेळ चावला.

“कसा आहे?”

“मापात आहे,” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी चेंबूरहून अबोलीचा फोन आला. कुणीतरी ग्रुपवरचा फोटो तिला पाठवला होता.

“बाबा, हे तुम्ही केलेत? आई, खरं सांग, बाबांनी?”

कुंदाताईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. परब म्हणाले की आत्ता वेळ नाही, मानसीच्या सासूबाईंकडे मंगळवारी बायका येणार आहेत आणि तिनं चोवीस सांगितलेत. मग त्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून विचारलं, “कुंदा, मीठ किती घालायचं ते तू नुसत्या डोळ्यानं कसं ओळखतेस गं?”

“आधी लोणी तर आणा,” कुंदाताई म्हणाल्या.