बाबांचा गुडघा आणि गावचा कोंबडा

माझ्या वडिलांच्या गुडघ्यावर एका कोंबड्याने इलाज केला, हे डॉक्टरांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

बाबांचं ऑपरेशन छान झालं होतं. "आता फक्त चालायचं," डॉक्टर म्हणाले. बाबा बोरिवलीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसले ते बसलेच! चाला म्हटलं की "दुखता." महिना झाला. आता हे कायमचेच बसतात की काय, या भीतीने माझी झोप उडाली.

अशात गावाहून चुलतभावाने कोंबडी-वड्यांच्या बेतासाठी कोंबडा आणून दिला. गावठी, रानाच्या कडेला मोकळा वाढलेला. बाल्कनीत बिचारा बांधलेल्या पायांनी पडला होता. मला दया आली, मी सुतळी सैल केली. (दया नेहमी मला येते आणि निस्तरते माझी बायको, सुजाता.) क्षणात स्वारी कठड्यावरून थेट सोसायटीच्या बदामावर!

मी टॉवेल घेऊन खाली धावलो. दबा धरला, कुंडीमागे लपलो, रांगलो. मी जवळ गेलो की तो दहा पावलं लांब! वॉचमनच्या पायांशी मात्र निवांत दाणे टिपत होता.

तरुणपणी रानात पाखरांमागे हिंडलेले बाबा बाल्कनीतून ओरडले, "अरे, तो माणसाक घाबरणा नाय, टक लावून बघणाऱ्याक घाबरता! त्याच्याकडे बघू नको! वाकडो चल!"

मी न बघता वाकडा चाललो. कुंडी फुटली.

"तुझ्याच्यान काय होवचा नाय. थांब!" म्हणत बाबा काठी विसरून दोन मजले उतरले! त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मला मात्र तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

त्याच क्षणी मी ठरवलं, हा कोंबडा सापडता कामा नये. मग रोज सकाळ-संध्याकाळ आमची शिकार. बाबा कण्या टाकत, हुकूम सोडत बागेला फेऱ्या मारायचे आणि मी पळायचो. कोंबडा हाताशी आलाच तर मी खोकायचो. (इतका, की शेजारच्या काकूंनी काढा पाठवला!)

दोन महिन्यांनी एका तिन्हीसांजेला सुजाता काखेत कोंबडा घेऊन घरात आली.

"कसा पकडलास गं?"

"फांदीवर बसला होता. उचलला."

"काळोखात कोंबड्याक दिसणा नाय," बाबा शांतपणे म्हणाले. "गावात बारक्या पोराकव म्हायत असता."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुझी शुगर वाढलेली. तू खुर्चीतून हलतंस खय?"

"आणि बाबा, हा तुमच्यासाठी खोकत होता," सुजाता म्हणाली. "दोघांनीही आपापलं गुपित मलाच सांगितलं होतं. आज दोघांचे रिपोर्ट चांगले आले. आता माझ्या कुंड्या वाचवा!"

त्या रात्री वड्यांबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ झाली. ज्याने आम्हा बापलेकांना खुर्चीतून उठवलं, त्याला ताटात कसं वाढणार? त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता तो बागेतच असतो. बाबा दिसले की अजूनही लांब पळतो. माझ्या मात्र चपलेवर येऊन बसतो! परवा मी अभिमानाने म्हणालो, "बघा बाबा, किती विश्वास आहे माझ्यावर!"

"विश्वास कसलो?" बाबा म्हणाले. "दोन महिने तुका शिकार करताना बघल्यान ना त्येना!"